एक साल म्हणजे किती?

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा चालू आहे. अमेरिकेत या दिवसांत बेसबॉलची मैदानं ओस पडलेली असतात. ऑक्टोबरच्या सुमारास वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, आटोपली की वसंतापर्यंत बॅट खुंटीला. गप्पा मात्र थांबत नाहीत. पूर्वी लोक दुकानातल्या तापलेल्या शेगडीभोवती खुर्च्या ओढून बसत आणि कोण कुठल्या संघात चालला, कुणाला किती मिळाले, यावर तासन्‌तास वाद घालत. त्या बैठकीला नावच पडलं 'हॉट स्टोव्ह लीग'. आपल्याकडच्या शेकोटीवरच्या गप्पाच म्हणा ना. खरं सांगायचं तर मला बेसबॉलच्या सामन्यांपेक्षा या शेकोटीचाच इतिहास जास्त रंगतदार वाटतो, आणि त्यातलं बरंचसं नाट्य नेमकं याच आठवड्यात, नाताळच्या आगेमागे घडलेलं आहे.

पहिली तारीख २६ डिसेंबर १९१९. बोस्टन रेड सॉक्सने बेब रूथ हा खेळाडू न्यूयॉर्क यांकीजला विकायचं ठरवलं. किंमत एक लाख डॉलर, पंचवीस हजार रोख आणि बाकीचे हप्त्याने. शिवाय यांकीजच्या मालकाने तीन लाखांचं कर्ज द्यायचं आणि त्याला तारण बोस्टनचं फेनवे पार्क हे मैदान. रूथने त्या वर्षी २९ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारले होते. एका हंगामात तोवर इतके कुणाचेच नव्हते. पुढच्या वर्षी न्यूयॉर्ककडून मारले ५४. बोस्टनने १९१८ साली जिंकलेली वर्ल्ड सिरीज पुन्हा जिंकायला २००४ साल उजाडलं. हे सगळं शेकोटीवर अजून चघळतात. गंमत म्हणजे तो विक्रीचा कागदच २००५ मध्ये लिलावात ९ लाख ९६ हजार डॉलरला गेला, म्हणजे खुद्द रूथच्या जवळजवळ दसपट!

पण मला वेगळीच गोष्ट खटकते. हा सौदा ठरताना रूथ तिथे नव्हताच. तो दूर कॅलिफोर्नियात होता. यांकीजचा मॅनेजर त्याला शोधत गेला, तेव्हा हा गोल्फ खेळत होता.

विकलेल्या माणसाला विचारायचं का नाही? कारण करारात तसं कलमच होतं, 'रिझर्व्ह क्लॉज'. आपल्या खेड्यापाड्यातल्या श्रोत्यांना ते मी चटकन समजावू शकेन. सालगडी पाडव्याला साल धरतो. पुढच्या पाडव्याला साल उतरलं आणि अंगावर उचल नसली, तर तो मोकळा. पटलं तर राहील, नाहीतर दुसऱ्याच्या वाड्यावर जाईल. बेसबॉलचा करारही एकाच सालाचा असे. फक्त त्यात लिहिलेलं असे की साल संपल्यावर खेळाडूने सही केली नाही, तरी मालक तोच करार आणखी एक साल वाढवू शकतो. मालक म्हणत, वाढवलेल्या करारातही हे कलम आलंच की! म्हणजे पुन्हा एक साल, त्याच्यापुढे आणखी एक. असा हा कधीच न येणारा पाडवा. संघाने सोडलं किंवा विकलं तरच सुटका, आणि विकलं तर नवा मालक.

आता १९६९. सेंट लुईस कार्डिनल्सचा कर्ट फ्लड. मैदानाच्या मधोमध, खोलवर क्षेत्ररक्षण करणारा, त्या कामाचं 'गोल्ड ग्लव्ह' हे बक्षीस सलग सात वर्षं पटकावलेला. वय ३१, पगार ९० हजार डॉलर. संघात बारा वर्षं काढलेली, गावात घर केलेलं. ऑक्टोबरमध्ये फोन आला: तुला फिलाडेल्फियाला दिलं. मागाहून टपालाने छापील कार्ड आलं.

फ्लड खेळाडूंच्या संघटनेच्या मार्विन मिलरकडे गेला. मिलरने काही लपवलं नाही: कोर्टात हरशील, आणि जिंकलास तरी तुझ्या पदरात काही पडायचं नाही. फ्लडने विचारलं, पुढच्या पोरांना उपयोग होईल का? होईल म्हटल्यावर तो तयार झाला. डिसेंबरात सान हुआनला संघटनेची बैठक भरली. तिथे एकाने त्याला विचारलं, तू काळा आहेस म्हणून हे करतोयस का? प्रश्न टोचणारा होता, पण फ्लडने उत्तर शांतपणे दिलं: काळा असल्याने मला हे जास्त झोंबतं, पण मी लढतोय ते सगळ्यांसाठी. त्याच्या पाठीशी उभं राहायचं, असं मत पडलं २५ विरुद्ध शून्य.

२४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, कमिशनर बोवी कुन यांना पत्र धाडलं. बारा वर्षं खेळल्यावर, माझ्या मर्जीविरुद्ध विकता-घेता येईल अशी मी मालमत्ता आहे असं मला वाटत नाही, इतकं सरळ. ३० डिसेंबरला उत्तर आलं. माणूस म्हणून आपण मालमत्ता नाही हे मला मान्य आहे. पण त्याचा इथे काय संबंध, ते मला दिसत नाही! कचेरीतल्या उत्तरांचे नमुने मी आयुष्यात पुष्कळ पाहिलेत, पण याच्या तोडीचं नाही. मग टीव्हीवर फ्लडला विचारलं गेलं, ९० हजार घेणारा तू गुलाम कसा? तो म्हणाला, पगार चांगला मिळाला तरी गुलाम तो गुलामच.

खटला न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला १९७० च्या मे महिन्यात. वर्णभेदाची भिंत फोडणारा जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. तोवर त्याचे केस पांढरे झाले होते. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात येऊन बसला नाही. शून्य मतं विरोधात होती, ती बैठकीत. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ३ असा निकाल फ्लडच्या विरोधात दिला. मक्तेदारीविरोधी कायद्यातून बेसबॉलला दिलेली सूट विसंगत आहे असं कोर्टच म्हणालं, आणि ती काढायची तर संसदेने काढावी म्हणून मोकळं झालं. तोवर फ्लडचा खेळ संपलेला होता. १९७१ मध्ये तेरा सामने खेळून तो देश सोडून गेला.

मग गाठ सुटली कशी? आधी एका मालकाच्या चिक्कूपणामुळे. ओकलंडचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कॅटफिश हंटर, नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा निम्मा पगार, ५० हजार डॉलर, विम्याच्या योजनेत भरायचे असं करारात होतं. मालकाने ते भरलेच नाहीत. लवाद पीटर सिट्झ म्हणाले, करार मोडला, गडी मोकळा. डिसेंबर १९७४ मध्ये अहॉस्की नावाच्या छोट्याशा गावातल्या वकिलाच्या कचेरीत एकामागून एक संघवाले विमानं करून येऊ लागले. ३१ डिसेंबरला हंटरने यांकीजशी पाच वर्षांचा करार केला, तीस लाखांच्या वरचा. मोकळ्या माणसाचा भाव काय असतो, ते सगळ्यांनी पाहिलं.

आणि बरोबर वर्षाने, २३ डिसेंबर १९७५. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोघा पिचरांनी नव्या करारावर सही न करता हंगाम सुरू केला होता. वाढवलेलं साल सरलं की आम्ही मोकळे, असा त्यांचा दावा. मॅकनॅली तर जूनमध्येच खेळ सोडून मोंटानातल्या आपल्या गावी, बिलिंग्जला, परतला होता. त्याचा दावा बाद व्हावा म्हणून क्लबचा अध्यक्ष त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. नुसती सही कर, २५ हजार डॉलर तुझे. गडी नको म्हणाला.

प्रश्न पुन्हा सिट्झसमोर, आणि एवढाच: एक साल म्हणजे किती? सिट्झ म्हणाले, एक साल म्हणजे एक साल. निकाल हातात पडताच मालकांनी त्यांना लवादपदावरून काढून टाकलं. पण निकाल राहिला.

मेसरस्मिथ मोकळा झाला आणि १९७६ च्या एप्रिलमध्ये अटलांटाला गेला. तिथला मालक टेड टर्नर, त्याची एक टीव्ही वाहिनी होती, चॅनल १७. त्याने मेसरस्मिथला १७ नंबरची जर्सी दिली आणि पाठीवर, जिथे खेळाडूचं नाव असतं तिथे, शिवून घेतलं 'चॅनल'. लीगने ते उसवायला लावलं.