दिवाडीची फेरीबोट

नमस्कार मंडळी. आज गोव्यातल्या फेरीबोटीबद्दल बोलायचंय. गोव्याला जाऊन आलेली आपली माणसं तिचा फोटो हौसेनं दाखवतात, पण ती कुणासाठी चालते हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. जुन्या गोव्यात चर्च बघून झाली की व्हाइसरॉयच्या कमानीखालून जो रस्ता नदीकडे उतरतो तो सरळ फेरीच्या धक्क्यावर जातो, तिथून समोर दिसतं ते दिवाडी. बेटावर जायला पूल नाही. जुन्या गोव्याच्या या फेरीशिवाय रायबंदरहून एक फेरी आहे आणि पलीकडच्या बाजूला नार्वेहून एक, म्हणजे बेटाबाहेरच्या कॉलेजात, बँकेत, दवाखान्यात जायचं असलं की आधी धक्क्यावर यायचं आणि बोट कधी येते बघत थांबायचं. या बोटी चालवतं सरकारचं नदी परिवहन खातं, आणि माणसाला तिकीट नाही. दुचाकीही फुकट, पैसे मोठ्या गाड्यांचेच घेतात, तेही थोडेच.

नार्वेवरून आठवलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडीचं. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर देव नदी ओलांडून नार्वेला नेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आज नार्वेची फेरी तीच नदी ओलांडते.

2023 च्या नोव्हेंबरात दुचाकींना पैसे लावायचं सरकारनं ठरवलं. लोक चिडले, विरोध झाला, मग ते थांबवलं. खात्याला बोटी चालवायला खर्च येतो हे खरंच आहे, डिझेल आहे, पगार आहेत, दुरुस्त्या आहेत, पण म्हणून दिवाडीच्या माणसानं रोज कामावर जायला आणि घरी यायला पैसे मोजायचे का? आपल्या गावातल्या डांबरी रस्त्याला आपण कधी विचारतो का की बाबा तू किती कमावलंस? दिवाडीच्या माणसाचा पाणी हाच रस्ता आहे हो, आणि तो सरकारनंच सांभाळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग पूल का नाही बांधत, असं लगेच कुणीतरी विचारेल. पूल नको म्हणणारी माणसं बेटावरच आहेत, पूल आला की बाहेरची बांधकामं येतील अशी भीती आहे, आणि गोव्याचे इतर किनारे बघितले तर ती भीती उगाच वाटत नाही. शिवाय पूल कधी दगा देईल सांगता येत नाही, 5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा पणजी आणि समोरच्या काठावरच्या बेतीच्या मध्ये लोकांना नेलं-आणलं ते याच फेरीबोटींनी, आणि ती फेरी आजही चालू आहे.

शेजारच्या चोडण बेटावर, जिथे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 2025 पासून रायबंदरहून मोठ्या रो-रो बोटी, म्हणजे गाड्या थेट आत चढवून पलीकडे उतरवणाऱ्या बोटी, सुरू झाल्यात. मोठी बोट म्हणजे एका खेपेत जास्त गाड्या, हे चांगलंच आहे. पण माझं म्हणणं एवढंच की नवीन बोट कुणीही आणो, पायी चढणाऱ्या माणसाची जागा फुकटच राहिली पाहिजे, आणि रात्री पेशंट घेऊन धक्क्यावर आलेल्या घराला पलीकडे नेणारं कुणीतरी असलं पाहिजे, ही जबाबदारी सरकारनं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात टाकू नये.

आणि तुम्ही कधी दिवाडीला गेलात, ऑगस्टमधल्या बोंदेरा या तिथल्या सणाच्या वेळी तर जाच, तर एक करा. कार जुन्या गोव्यातच लावा आणि पायी बोटीत चढा. संध्याकाळी घरी निघालेल्या माणसांच्या रांगेत तुमची एक कार घुसली की तिच्या जागेवर मावणाऱ्या दुचाकी मागे राहतात, आणि त्यांना पुढच्या खेपेपर्यंत धक्क्यावरच थांबावं लागतं.