वाचता येतं. कळतं का?

(पडद्यावर : सातवीचा वर्ग. एक मुलगा उभा राहून उतारा वाचतो आहे.)

निवेदन :
'हवेत आर्द्रता जास्त असेल, तर बाष्पीभवनाचा वेग मंदावतो. त्यामुळे दमट दिवसांत ओले कपडे उशिरा वाळतात.'

मुलगा कुठेही अडखळत नाही. जोडाक्षरं स्वच्छ, विराम जागच्या जागी. बाई विचारतात, "बाष्पीभवनाचा वेग कशामुळे मंदावतो?" उत्तर लगेच येतं आणि ते बरोबर असतं. मग बाई विचारतात, "आणि हवा कोरडी असेल तर?" मुलगा पुन्हा पुस्तकात बघतो. बोट ओळींवरून फिरतं. ते वाक्य उताऱ्यात नाही.

पहिल्या प्रश्नात 'वेग' हा शब्द होता. तो असलेली ओळ सापडली आणि उत्तर झालं. हे कसब मुलं फार लवकर शिकतात. त्यावर गुणही मिळतात, म्हणून आकलनातली ही पोकळी सहावी-सातवीपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. शब्द ओळखता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचलेलं कळणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य झाली, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती शून्यच.

(पडद्यावर : दुसरीचं आणि सातवीचं पुस्तक शेजारी शेजारी.)

लहान वर्गांतल्या पुस्तकात मुलांच्या तोंडातलेच शब्द असतात. सातवीच्या पानावर 'परिणामी', 'याउलट', 'तथापि' येतात. घरी असं कोण बोलतं? अवघड वाटणाऱ्या संज्ञांचे अर्थ आपण फळ्यावर लिहून देतो. वाक्याला वाक्य जोडणारे हे शब्द मात्र शिकवायचेच राहून जातात, आणि युक्तिवाद सगळा त्यांच्यातच असतो.

शिवाय विषयाची माहिती लागते. 1988 मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी याच वयाच्या 64 मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं त्यात पुढे गेली. वाचनात हुशार, पण खेळाची ओळख नसलेली मागे पडली. म्हणून विज्ञान आणि इतिहासाचे तास हे वाचनाचेही तास आहेत. भाषेच्या शिक्षकावर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे.

(पडद्यावर : पाच-सहा मुलांचा गट. मधे एकच पुस्तक.)

मग शिकवायचं कसं? जाणता वाचक वाचताना मनात जे करतो, ते मुलांना ऐकू यायला हवं. बाई एक परिच्छेद वाचतात आणि मोठ्याने विचार करतात : "'त्यामुळे' आलं. म्हणजे आधीच्या वाक्यात कारण असणार. थांबा, मी मागे जाऊन बघते." शिक्षकही मागे जाऊन पुन्हा वाचतात, हेच कित्येक मुलांना नवं असतं.

अ‍ॅनमरी पॅलिन्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी 1984 मध्ये यातूनच एक पद्धत उभी केली, तीही सातवीच्या अशाच मुलांबरोबर : शब्द वाचता येणारी, अर्थाशी अडणारी. परिच्छेद वाचून झाला की एकाने त्यावर प्रश्न विचारायचा, सार सांगायचं, न कळलेली जागा दाखवायची, पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. सुरुवातीला हे शिक्षक करतात, मग मुलं पाळीपाळीने शिक्षक होतात. पहिल्या दिवसांतले प्रश्न ओळ उचलून केलेले असतात. हळूहळू 'का' आणि 'नाहीतर काय' येऊ लागतं. काही आठवड्यांत त्या मुलांच्या आकलनात स्पष्ट फरक पडला होता.

(पडद्यावर : वहीचं पान. पेन्सिल चालते आहे.)

आणि आता लेखन. ते वेगळ्या तासाला, वेगळ्या वहीत ठेवलं की निम्मी ताकद गेली, असं मला ठामपणे वाटतं. वाचलेल्या परिच्छेदाचं सार दोन ओळींत लिहायला सांगा. काय कळलं आणि काय निसटलं, ते तिथे लगेच दिसतं.

वाक्यापासूनच सुरुवात करू. 'पूर आला. पूल वाहून गेला. लोक अडकले.' या तिन्हींचं एक वाक्य करायचं. कुणी लिहितं, 'पुरात पूल वाहून गेल्यामुळे लोक अडकले.' कुणी लिहितं, 'लोक अडकले, कारण पूर आला आणि पूल वाहून गेला.' दोन्ही बरोबर. भर कशावर पडला, यावर बोलायला तास अपुरा पडतो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र तपासले. वाक्यं जोडणं, सार लिहिणं, आखणीपासून दुरुस्तीपर्यंतच्या पायऱ्या शिकवणं, सोबत्याबरोबर लिहिणं यांनी लेखन सुधारलं. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाने सुधारलं नाही.

वही लाल शाईने भरून परत दिली, तर मूल गुण बघतं आणि वही मिटतं. पहिल्या खर्ड्यावर एक-दोनच सूचना हव्यात, त्याही मजकुराबद्दलच्या : 'इथे कारण सांग', 'हे वाक्य वर ने'. आणि दुसरा खर्डा लिहायला वेळ वर्गातच द्यायला हवा. शुद्धलेखन त्यानंतर.

सातवीतही काही मुलं अक्षरांशीच झुंजत असतात. त्यांच्या हाती पहिलीचं पुस्तक देऊ नये. या वयात तो अपमान खोल जातो. त्यांना लांब शब्द फोडून वाचण्याचा आणि छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचण्याचा सराव रोज थोडा वेळ द्यावा, तोही चारचौघांसमोर नाही. वर्गाचा पाठ त्यांना वाचून दाखवावा, आणि गटात त्यांची पाळी आली की प्रश्न त्यांनीच विचारावा.