टर्बो सगळ्यात शेवटी

हा पिस्टन मी मुद्दाम बरोबर आणलाय. हातोहात पुढे द्या, सगळ्यांनी जवळून बघा. वरच्या कडेला बारीक खड्डे दिसतील, सुईने टोचल्यासारखे. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पट्टी एका बाजूने तुटून गेली आहे. माझ्याच गाडीचा, तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन आहे हा. तो असा का झाला, हे उमगायला मला कित्येक आठवडे लागले. आज जे बोलणार आहे, त्यातलं बरंचसं त्या आठवड्यांत शिकलेलं आहे.

जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला कमी खर्चात टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा आत कोंबणारं चाक, बसवायचा ठरलं, की आपण आधी टर्बो शोधायला निघतो. मीही तेच केलं. भंगारातून एक छोटा टर्बो आणला आणि रोज संध्याकाळी त्याचं चाक बोटाने फिरवून बघायचो. आता कुणी विचारलं तर सांगतो, टर्बो सगळ्यात शेवटी घ्या. आधी इंजेक्शन, म्हणजे मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवा, इग्निशन कॉम्प्युटरच्या ताब्यात द्या आणि टर्बोशिवाय ती गाडी दोन महिने रोज चालवा. थंड असताना, तापलेली असताना, चढावर, गर्दीत. ती निमूट चालायला लागली, की मग टर्बोचं बघू.

कल्पना जुनीच आहे. अल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली टर्बोचं पेटंट घेतलं. विक्रीच्या मोटारींत तो १९६२ मध्ये आला, ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोलेट कॉर्व्हेअरमध्ये. जेटफायरचं कॉम्प्रेशन १०.२५, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण सव्वादहा पट दाबलं जायचं, त्यावर टर्बो, आणि पेट्रोल द्यायला कार्ब्युरेटर. नॉकिंग, म्हणजे मिश्रण वेळेआधी स्वतःहून पेटणं, आवरायला कंपनीने पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी दिली होती. ती वेळच्या वेळी भरणं बऱ्याच मालकांच्या लक्षातच राहायचं नाही. पुढे १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा आली. त्यातला ‘डी’ म्हणजे जर्मन ‘द्रुक’, म्हणजे दाब. मॅनिफोल्डमधला दाब मोजायचा आणि त्यावरून पेट्रोल ठरवायचं. २००१ मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट हे स्वतः जोडता येणारं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे आणलं, त्याचाही पाया हाच. आपल्यासारख्यांच्या हातात हे काम आलं ते अशा लोकांमुळे, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचा वेग, हे तीन आकडे मिळाले की सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचा हिशोब ईसीयू करतं. त्या हिशोबाला जोड असते एका तक्त्याची. आडवा वेग, उभा दाब, आणि प्रत्येक घरात इंजिन किती भरतंय याची टक्केवारी. ट्यूनिंग म्हणजे हा तक्ता घर घर भरत जाणं. टर्बो नसताना दाब १०० किलोपास्कलच्या वर जात नाही, म्हणजे खालचा अर्धा तक्ता निवांतपणे, धोका न पत्करता भरता येतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला जादा दाब, आला की वरची घरं उघडतात, आणि तिथे चूक झाली तर हातातला हा पिस्टन बघा.

अर्धा बार बूस्ट ऐकायला किरकोळ वाटतो. पण हवा दाबली की तापते. बाहेर २७ अंश असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर अर्ध्या बारला ती हवा साधारण ८३ अंशांवर पोचते. अशी तापलेली हवा आत घेऊन पुन्हा दाबली, की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं. तेच नॉकिंग. म्हणून ती हवा थंड करायला इंटरकूलर लागतो, मिश्रण १२ च्या आसपास, म्हणजे एक भाग पेट्रोलला १२ भाग हवा असं रिच ठेवावं लागतं, आणि दर पीएसआय (साधारण ०.०७ बार) बूस्टमागे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, साधारण एक अंश मागे घ्यावं लागतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरची वजनं आणि स्प्रिंगा हे करू शकत नाहीत, त्यांना बूस्ट कळतच नाही. क्रँकवर ३६ दातांतला एक काढलेली चकती बसवा आणि ते दात मोजून क्रँकची जागा सांगणारा सेन्सर पक्क्या ब्रॅकेटवर लावा. ६००० आरपीएमला क्रँकचा एक अंश जेमतेम २८ मायक्रोसेकंदांत जातो, ब्रॅकेट थरथरलं तर सगळा हिशोब गेला.

इंजेक्टर अंदाजाने घेऊ नका. १२० अश्वशक्तीचं लक्ष्य धरू. टर्बो पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीला तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं. चार सिलिंडरमध्ये वाटा, इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये असं ठरवा, की मिनिटाला २३० सीसीच्या आसपास आकडा येतो. फार मोठे घेतले तर आयडलिंगला गाडी धड उभी राहत नाही.

पेट्रोलच्या लाइनवर काटकसर करायची नाही. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असतो, इंजेक्शनला तीन बार लागतात, आणि रेग्युलेटर मॅनिफोल्डला जोडलेला असल्यामुळे अर्धा बार बूस्टला ते साडेतीन होतात. जुना रबरी पाइप तिथे फुटला तर पेट्रोल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर. शिवाय जुन्या टाकीत आडपडदे नसतात. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो, म्हणून मध्ये एक छोटी टाकी हवीच.

आता पिस्टनकडे येतो. मी धुरावरून मिश्रणाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावला होता, मीटर बूस्टमध्ये स्थिर १२ दाखवत होता. मी निर्धास्त होतो. इंजिन उघडल्यावर तीन पिस्टन ठीक, हा एकच असा. शेवटी चारही इंजेक्टर काढले, रेलसकट बाहेर धरले, चार मोजपात्रांत एकाच वेळी सोडले. पेट्रोल नव्हे, इंजेक्टर तपासायचं द्रव वापरलं, जवळ आग नको म्हणून. तिघांनी १०० मिली दिले तेव्हा तिसऱ्याने ८४ दिले. जुने, वापरलेले इंजेक्टर, तपासणी न करता बसवलेले. सेन्सर चौघांचा धूर एकत्र झाल्यावर मोजतो, त्याने सरासरी १२ सांगितली. ती खरीच होती. फक्त त्या एका सिलिंडरमध्ये मिश्रण १३.७ होतं, आणि तेही बूस्टमध्ये. मीटर खोटं बोलला नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

त्यामुळे वापरलेले इंजेक्टर खुशाल घ्या, पण मोजल्याशिवाय बसवू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जोडाजोडीचा चालेल, हवेचे पाइप तुकडे जोडून चालतील, टर्बोही जुना चालेल, फक्त शाफ्ट वर-खाली किती हलतो आणि चाकं घासली आहेत का, ते बघून घ्या. त्याची ऑइल परतीची नळी मात्र जाड, सरळ उताराची आणि सम्पमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. ती आडवी किंवा अरुंद झाली की ऑइल तुंबतं, सीलमधून निसटतं आणि निळा धूर येतो. लोक टर्बो बदलत बसतात, दोष नळीचा असतो.

अर्थिंगचं एक राहिलं. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की माझी गाडी अडखळायची. सेन्सरची अर्थ वायर बॉडीला लावली होती, पंख्याचा करंट तिथून जाताना कूलंटचं तापमान खोटं दिसायचं. सगळ्या सेन्सरची अर्थ ईसीयूवर परत नेली, ईसीयूची अर्थ इंजिन ब्लॉकवर एका जागी नेली, आणि अडखळणं थांबलं.

बूस्टचं ट्यूनिंग आपण डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर करू, आज नाही. पण गाडी बाहेर उभी आहे, कालपासून सुरू केलेली नाही. थंड इंजिन पहिल्या फिरक्यात पेटतं की नाही, यावरून थंड स्टार्टचे आकडे किती खरे भरलेत ते कळतं. पिस्टन कुणाकडे आहे? घेऊन या, लॅपटॉप मी घेतो, बाहेर जाऊन किल्ली फिरवून बघू.