गाडी पुन्हा कधी येणार?

नमस्कार. नसबंदी का करावी, हे इथे जमलेल्यांना पटवून देण्यात मी वेळ घालवणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्यांना आपल्या कुत्र्यामांजरांची नसबंदी मनापासून करून घ्यायची आहे, त्यांनाही ते का जमत नाही?

पैसा नसतो, हे पहिलं कारण, आणि ते खरंच आहे. १९७१ मध्ये लॉस एंजलिस शहराने सरकारी खर्चाने कमी दराचं नसबंदी केंद्र सुरू केलं, ते त्यासाठीच. पण दर कितीही खाली आणला तरी बरीच माणसं दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. दवाखाना लांब असतो. घरी वाहन नसतं आणि बसमध्ये कुत्र्याला चढू देत नाहीत. जनावर सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. मांजर न्यायला धड पिंजरा नसतो. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर विषयच संपला. फी माफ करता येते, हा खर्च माफ करता येत नाही. तो कमी करायचा एकच मार्ग मला दिसतो: ऑपरेशन थिएटरनेच वस्तीत जायचं, म्हणजे नसबंदीची सोय असलेली गाडीच तिथे न्यायची.

फिरत्या गाडीबद्दल एक शंका हमखास येते. स्वस्तात आणि गाडीत होणारं ऑपरेशन म्हणजे कामचलाऊच असणार! तसं नाही, आणि तसं असेल तर ते बंद पाडलं पाहिजे. दर कमी होतो तो हात बसलेल्या डॉक्टरमुळे, लहान छेदामुळे, आणि पुढचं जनावर तयार ठेवणाऱ्या सहायकांमुळे. प्रत्येक जनावराला निर्जंतुक केलेल्या हत्यारांचा स्वतंत्र संच मिळालाच पाहिजे. तिथे काटकसर नाही. गाडी ठरवताना मी आधी हेच विचारते, आणि मग विचारते की जनावरांना ऊब कशी देता.

हे ऊब प्रकरण लोकांना किरकोळ वाटतं. भूल दिलेली मांजर टेबलावर असते तेव्हा पोटावरचे केस काढलेले असतात, कातडी औषधाने पुसून ओली झालेली असते, आणि भुलेमुळे शरीराला स्वतःची ऊब राखता येत नाही. पिल्लू जितकं लहान तितकं ते लवकर गार पडतं. गार पडलेल्या पिल्लाची भूल उशिरा उतरते. चांगल्या पथकात त्या वेळी कुणीतरी एक जण फक्त शुद्धीवर येणाऱ्या जनावरांपाशी बसून असतो. अंगाखाली गरम गादी, वर टॉवेल, आणि दर थोड्या वेळाने हिरड्यांचा रंग पाहणं. ऑपरेशनआधी उपाशी ठेवण्याचंही तसंच. मोठ्या कुत्र्यासाठीची सूचना जशीच्या तशी पिल्लांच्या मालकांना देऊ नये. लहान पिल्लं रात्रभर उपाशी राहिली तर त्यांच्या रक्तातली साखर घसरते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, गाडीचं वेळापत्रक. मांजर चार महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते. ती साधारण दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणूनच मांजर पाच महिन्यांची होण्याआधी नसबंदी करा, असं पशुवैद्यकांच्या अनेक संघटना सांगतात. गाडी एकदा वाजतगाजत आली, फोटो निघाले, आणि पुढची फेरी सहा महिन्यांनी, तर मधल्या काळात एक वेत होऊन दुसरं पोटात असेल. गाडी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, थोड्या थोड्या अंतराने येत राहिली पाहिजे. मोठं शिबिर नको, लहान पण नियमित फेरी हवी. लोकांचा विश्वासही तशानेच बसतो. शेजारणीची मांजर धडधाकट परतलेली दिसली की पुढच्या वेळी दहा घरं नाव नोंदवतात.

कुत्र्यांच्या बाबतीत वयाचा एकच नियम लावता येत नाही. काही मोठ्या जातींमध्ये फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढलेले आढळले आहेत, तेव्हा तिथे डॉक्टरांशी बोलूनच वेळ ठरवावी. पण मादी तशीच राहिली तर वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो, आणि तेव्हाचं ऑपरेशन तातडीचं, महागडं आणि जोखमीचं असतं. नरांच्या मालकांना एक आवर्जून सांगावं: ऑपरेशननंतरही काही आठवडे नरापासून मादी गाभण राहू शकते, त्याला लगेच मोकळं सोडू नका.

आणि गाडी निघून गेल्यावर काय? संध्याकाळी जनावर घरी जातं, रात्री टाके चाटतं, एखादा टाका सुटतो, जखम ओलावते. त्या वेळी मालकाच्या हातात नुसता छापील कागद असून भागत नाही. फोन उचलणारं माणूस हवं, आणि गरज पडली तर जनावर तपासेल असा जवळचा पशुवैद्य आधीच ठरवलेला हवा. त्याचे पैसे मालकाकडून नव्हे, सेवेच्या निधीतून जावेत. देणगीदार गाडीसाठी आनंदाने पैसे देतात, कारण गाडी डोळ्यांना दिसते. रात्रीच्या फोनसाठी कुणी देत नाही. तेव्हा जे अशी सेवा सुरू करू पाहत आहेत, त्यांनी अंदाजपत्रकात डिझेलच्या आधी हा खर्च लिहावा.