गव्हाणीत काय उरले : ध्रुवीय समुद्रातील नायट्रोजनचा माग

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थितहो, परभणीच्या सभागृहात अंटार्क्टिकाच्या समुद्रावर बोलायचे म्हटल्यावर सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न मला पडला होता. गाडीत बसल्याबसल्या उत्तर सुचले ते गोठ्याचे. रात्री बैलांपुढे कडबा टाकला की ते आधी पाने ओढून खातात आणि जाड धाटे मागे राहतात. कडबा किती टाकला होता हे तुम्हाला ठाऊक नसले, तरी सकाळी गव्हाणीत उरलेल्या वैरणीत पाने किती आणि धाटे किती एवढे पाहून जनावरांनी रात्री किती खाल्ले याचा अंदाज जाणता माणूस बांधतो. मी आज जे सांगणार आहे, ते याच अंदाजाचे शास्त्र आहे.

समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचे, म्हणजे वनस्पतिप्लवकांचे, मुख्य खाद्य नायट्रेट. त्यातला नायट्रोजन दोन वजनांचा असतो. हजारात सुमारे 996 अणू नायट्रोजन-14 चे असतात आणि उरलेले चारच्या आत अणू थोड्या जड नायट्रोजन-15 चे. दोन्ही स्थिर आहेत, किरणोत्सर्गाचा येथे काही संबंध नाही. प्लवक दोन्ही खातात, पण हलक्या अणूची रासायनिक क्रिया किंचित वेगाने होत असल्यामुळे हलका नायट्रोजन थोडा जास्त उचलला जातो आणि पाण्यात उरलेले नायट्रेट हळूहळू जड होत जाते. हा फरक अगदी बारीक असल्याने तो टक्क्यांत न सांगता हवेतील नायट्रोजनशी तुलना करून दर हजारी सांगतात, आणि त्या आकड्याला डेल्टा म्हणतात.

अंटार्क्टिकाभोवती खोलातून जे पाणी वर येते, त्यात नायट्रेट लिटरमागे 30 मायक्रोमोलच्या आसपास असते आणि त्याचा डेल्टा सुमारे 5 असतो. प्लवकांनी त्यातले निम्मे संपवले, तर उरलेल्याचा डेल्टा साधारण 9 पर्यंत चढतो. प्रत्यक्षात तेथे उन्हाळा सरत आला तरी पृष्ठभागावर बरेचसे नायट्रेट तसेच पडून असते. ताट वाढलेले असूनही जेवणारा उठून जातो, त्याचे एक मोठे कारण लोहाची कमतरता हे आहे, असे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी 1990 च्या सुमारास ठामपणे मांडले.

आता कोणीही विचारील की नायट्रेटचे प्रमाण थेट मोजता येत असताना डेल्टाचा हा खटाटोप कशासाठी. कारण असे की प्रमाण फक्त शिल्लक सांगते, खर्च सांगत नाही. बर्फ वितळून गोडे पाणी मिसळले तरी प्रमाण घटते आणि प्लवकांनी खाल्ले तरी घटते. बर्फाच्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ नसल्यामुळे मिसळण्याने डेल्टा हलत नाही, खाल्ल्याने मात्र हलतो. माझ्या मते या पद्धतीचे सगळे मोल या एका फरकात आहे.

अर्थात साक्षीदार एकच असला की त्याची उलटतपासणी करावी लागते. मेलेल्या प्लवकांपासून नायट्रेट पुन्हा तयार होते, तेव्हा त्यातला नायट्रोजन जुनाच हलका असतो, पण ऑक्सिजन मुख्यतः भोवतालच्या पाण्यातून नव्याने घेतलेला असतो. म्हणून नायट्रेटमधील ऑक्सिजन-18 सुद्धा मोजतात. नुसतेच खाणे चालले असेल, तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघांचेही डेल्टा बरोबरीने चढतात, आणि ही बरोबरी मोडली की त्या पाण्यात खाल्लेले परत येऊन मिसळले आहे, हे ओळखता येते.

मोजमापाची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. 2001 पासून यासाठी अशा जिवाणूंचा वापर रुळला की जे नायट्रेटचे नायट्रस ऑक्साइड करतात, पण पुढची क्रिया घडवणारे विकर (एन्झाइम) त्यांच्याकडे नसल्याने तिथेच थांबतात. तो वायू वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे हलके-जड रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडला की काही मिलिलिटर पाण्यावर काम भागते. जहाजावरचे काम मात्र इतके सुटसुटीत नसते. रात्री दोन वाजता बाटल्यांचे चक्र हजारो मीटरवरून वर येते, हातमोज्यांतली बोटे बधिर झालेली असतात, आणि प्रत्येक तोटीखाली लहान बाटली धरून ती त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरायची असते. पहिल्या सफरीत मी उत्साहाच्या भरात बाटल्या गळ्यापर्यंत भरून गोठवणपेटीत ठेवल्या. समुद्राचे पाणी गोठताना क्षार बाहेर ढकलते, आणि ते खारट पाणी झाकणांतून पाझरून बाहेर आले. त्या बाटल्यांतील नायट्रेटच्या आकड्यांवर मी आजही विश्वास ठेवत नाही.

डायाटम नावाच्या प्लवकांना नायट्रोजनखेरीज सिलिकाही लागते, कारण त्यांचे कवच तिचेच असते, आणि सिलिकॉनचे समस्थानिकही, म्हणजे त्याचे हलके-जड अणूही, असाच माग देतात. 2009 साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह टाकून पाहिले, तेव्हा सिलिकेचे महत्त्व चांगलेच कळले. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने डायाटम वाढले नाहीत, आणि जे वाढले त्यांना बारीक प्राण्यांनी फस्त केले. कार्बन तळाशी फारसा गेलाच नाही.

उत्तर ध्रुवाकडे हिशेब निराळा आहे. तेथे बेरिंग सामुद्रधुनीतून आलेले पाणी उथळ समुद्रावरून जाताना तळच्या गाळातील जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. गाळात शिरलेले नायट्रेट बहुतेक सगळेच संपत असल्याने मागे धाटे उरत नाहीत आणि खूण फार पुसट पडते. म्हणून त्या भागातले आकडे वाचताना घाई करू नये.

मघाशी एका श्रोत्याने विचारले की हे पाणी आपल्यापर्यंत येते का. येते. अंटार्क्टिकाच्या उत्तरेला, उपअंटार्क्टिक पट्ट्यात, पाणी न संपलेली पोषकद्रव्ये घेऊन काहीशे मीटर खाली उतरते आणि उत्तरेकडे सरकते. 30 अंश दक्षिणेच्या उत्तरेला समुद्रात जे जैविक उत्पादन होते, त्यातील सुमारे तीन चतुर्थांशाला याच पाण्याचे खाद्य पुरते, असे 2004 मधील एका गाजलेल्या अभ्यासाचे अनुमान आहे. मात्र अरबी समुद्रात पोहोचल्यावर त्याचा डेल्टा तसाच राहत नाही. तेथे सुमारे 150 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, जिवाणू पाण्यातच नायट्रेट फोडतात आणि उरलेल्याचा डेल्टा झपाट्याने चढतो. त्यामुळे गोव्यासमोर काढलेल्या बाटलीत दोन गव्हाणींचे उष्टे एकत्र असते, आणि त्यातले दक्षिणेचे किती हे वेगळे काढायला नायट्रोजनबरोबर ऑक्सिजनचाही डेल्टा हाताशी असावा लागतो.