फेरारी स्वस्तात का विकतात?

मंडळी, डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या रेसट्रॅकवर एका गाडीचा लिलाव झाला. गाडी होती ‘लाफेरारी’. कंपनीने अशा ४९९ गाड्या करू म्हणून जाहीर केलं होतं आणि त्या कधीच संपल्या होत्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मध्य इटलीत भूकंप झाला. मदतनिधीसाठी कंपनीने ५००वी गाडी केली, तिच्या नाकावर इटलीचा चिमुकला झेंडा रंगवला आणि ती लिलावात उभी केली. बोली थांबली ७० लाख डॉलरवर. आधीच्या गिऱ्हाइकांनी तीच गाडी साधारण १४ लाख डॉलरला घेतली होती.

दानधर्माच्या लिलावात हात सैल सुटतो, हे मान्य. म्हणून वाटलं तर निम्मे पैसे वजा करा. तरी ३५ लाख उरतात, आणि खुल्या बाजारातही ही गाडी तेव्हा छापील किमतीच्या दुपटीपेक्षा जास्त भावाने हात बदलत होती. मग कंपनीने छापील किंमत १४ लाखच का ठेवली? हिशेबाला कच्चे लोक नाहीत ते.

हे कळायला आपल्याला म्हाडाची सोडत पुरेशी आहे. घर बाजारभावापेक्षा स्वस्त, म्हणून अर्जांचा ढीग. आणि घर लागलं की पाच वर्षं विकायचं नाही, ही अट. फरक इतकाच, की म्हाडाचं घर नशिबाने लागतं. फेरारीच्या कारखान्याच्या गावी, मारानेल्लोत, गाडी तोंड बघून देतात. तुम्ही आजवर किती फेरारी घेतल्या, किती वर्षं ठेवल्या, घेतल्या घेतल्या विकून नफा तर नाही ना कमावला, हे सगळं तिथे पाहिलं जातं. त्यामुळे छापील किंमत आणि बाजारभाव यांच्यातले पैसे कंपनीने सोडून दिले, असं समजू नका. ते ती दुसऱ्या दाराने वसूल करते. ज्याला पुढच्या खास गाडीच्या यादीत नाव हवं आहे, तो आज फारशी नको असलेली गाडीही घेतो, आणि घेताना वेगळा रंग, वेगळी शिलाई, कार्बन फायबरचे जादा भाग यांवर ‘हो, हो’ म्हणत जातो. अलीकडच्या वर्षांत फेरारीच्या गाड्यांच्या उत्पन्नातला जवळपास पाचवा हिस्सा अशा आवडीनिवडीच्या कामांतून येतो आहे. नफा तिथे आहे.

आता आकर्षणाचं. गाड्या थोड्याच केल्या की लोक वेडे होतात, असं आपण सहज म्हणून जातो. पण फेरारीचीच ‘एफ४०’ बघा. जुलै १९८७ मध्ये ती जगापुढे आली तेव्हा कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी ८९ वर्षांचे होते. चारशेच्या आसपास गाड्या करायचा बेत होता; मागणी बघून करत गेले आणि १९९२ पर्यंत तेराशेहून जास्त झाल्या. म्हणजे दुर्मिळपणाचा बोऱ्याच. तरी तिची मोहिनी कमी झाली नाही. का, ते गाडीत डोकावल्यावर कळतं. दार आतून उघडायला हँडल नाही, एक दोरी आहे, ती ओढायची. खाली गालिचा नाही, रेडिओ नाही. सुरुवातीच्या गाड्यांच्या खिडक्यांना काचही नव्हती, सरकवायचं प्लास्टिक होतं. आतले भाग जिथे एकमेकांना चिकटवलेत, तिथला हिरवट गोंद तसाच उघडा दिसतो. तो झाकायची तसदी कुणी घेतलेली नाही. आणि रंगाचा थर इतका पातळ, की नीट उजेडात तिरपं पाहिलं तर खालच्या कार्बन फायबरचं विणकाम दिसतं. साध्या हॅचबॅकमध्ये मिळतं तेही इथे नाही, आणि लोक भाळले ते नेमके यावरच. वजन वाढवेल असं काहीही ठेवायचं नाही, हा हट्ट त्या गोंदात दिसतो. पैसेवाल्याला मऊ गाद्या कुठेही मिळतात. असा हट्ट मिळत नाही.

पुढची ‘एफ५०’ मात्र मोजून केली. ३५० खपतील असा अंदाज होता, म्हणून ३४९. या आकड्याची मला फार गंमत वाटते. एक गाडी कमी केल्याने टंचाई होत नाही, पण ‘एक गिऱ्हाईक दाराशी उभं आहे’ ही गोष्ट मात्र तयार होते. नवी होती तेव्हा हिला पाहून बरीच नाकं मुरडली गेली. एफ४०पुढे ती अनेकांना फिकी वाटली. आज लिलावात एफ५० एफ४०पेक्षा जास्त भाव खाते. दोन गाड्यांची तुलना करून करून लोक दमतात. ३४९ हा आकडा दमत नाही.

पण आकडा म्हणजे शेवटी कंपनीने दिलेला शब्द. तो शब्द अक्षरशः न मोडताही पातळ करता येतो, हे पोर्शेने दाखवलं. २०१६ मध्ये त्यांनी ‘९११’ या आपल्या जुन्या नावाजलेल्या गाडीची खास आवृत्ती, ‘९११ आर’, काढली. ४ लिटरचं, ५०० अश्वशक्तीचं इंजिन, हाताने बदलायचे सहा गिअर, मागचा मोठा पंख काढून टाकलेला. संख्या ९९१, कारण त्या पिढीच्या ९११चा अंतर्गत क्रमांकच ९९१. अमेरिकेतली किंमत १,८४,९०० डॉलर. ज्यांना हाताने गिअर बदलण्यातली मजा ठाऊक होती ते तुटून पडले आणि भाव छापील किमतीच्या दुपटीपलीकडे, काही ठिकाणी पाच लाखांच्याही वर गेला. त्यातले कितीतरी खरेदीदार गाडी चालवणारे नव्हतेच, ती झाकून ठेवणारे होते.

मग सप्टेंबर २०१७ मध्ये पोर्शेने फ्रँकफर्टला ‘जीटी३ टूरिंग’ ही आणखी एक ९११ दाखवली. ४ लिटर, ५०० अश्वशक्ती, हाताचे गिअर, पंख नाही. आणि संख्येला मर्यादाही नाही. ९११ आर अजूनही ९९१च होत्या. दिलेला शब्द अक्षरशः पाळला होता. तरी भाव खाली आले, कारण लोकांनी पैसे मोजले होते ते ‘हे दुसरीकडे मिळत नाही’ यासाठी, आणि आता ते मिळू लागलं होतं. मला विचाराल तर पोर्शेने केलं ते योग्यच. चालवायला हवी असलेल्यांना गाडी मिळाली.

उलट बाजूही असते. जॅग्वारची ‘एक्सजे२२०’ १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात आली ती बारा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद देणारी म्हणून. लोकांनी ५०-५० हजार पौंड अनामत भरली. हातात आली ती सहा सिलिंडरची, दोन टर्बोची, फक्त मागची चाकं फिरवणारी. मधल्या काळात मंदी आली, सट्टेबाजांचे हिशेब कोलमडले आणि किंमतही चढली. काही गिऱ्हाइकं करारातून सुटायला कोर्टात गेली. ३५० करायच्या होत्या, ३००ही झाल्या नाहीत. (जॅग्वार आज टाटांकडे आहे, हे सगळं त्याच्या बरंच आधीचं.) बाजार तापलेला असताना रांगेत कोण हौसेने उभा आहे आणि कोण नफ्यासाठी, हे ओळखू येत नाही. तो निवला की लगेच येतं.

म्हणून कंपन्या करारात अटी घालू लागल्या. फोर्डने नव्या ‘जीटी’साठी चक्क अर्ज मागवले, पहिल्या ५०० जागांसाठी साडेसहा हजार भरलेले अर्ज आले, आणि निवडलेल्यांना दोन वर्षं गाडी विकायला बंदी. कुस्तीपटू जॉन सीना यांनी ती काही आठवड्यांतच विकली, तेव्हा २०१७ मध्ये फोर्डने त्यांच्यावर दावा ठोकला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. फेरारीने तर त्याच्या वीस वर्षं आधीच, एफ५० अमेरिकेत दोन वर्षांच्या भाडेकरारावरच दिली होती. जी गाडी तुमच्या नावावरच नाही, ती विकणार कशी?

२०२३ मध्ये पोर्शेने ‘९११ एस/टी’ काढली. पुन्हा हाताचे गिअर, पुन्हा पंखाविना. संख्या १,९६३, कारण ९११ पहिल्यांदा लोकांपुढे आली ते वर्ष १९६३. किंमत या वेळी सुरुवातीलाच २,९०,००० डॉलरच्या घरात, म्हणजे आधी दलालांच्या खिशात गेलेला नफ्याचा बराच भाग कंपनीने स्वतःकडे घेतला. आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना पहिलं वर्ष गाडी भाडेकरारावरच घ्यावी लागली.