उघड्या झाडांचे दिवस

मंडळी, मार्च महिन्यात घाटातून जाताना गाडीतलं कोणीतरी हमखास म्हणतं, 'पावसाळ्यात काय दिसतं इथे! आता नुसतं ओसाड.' त्या ओसाडाबद्दलच मला आज बोलायचं आहे.

युरोपातली झाडं पानं टाकतात ती हिवाळ्याच्या तोंडावर, आणि बहुतेक सगळी एकाच सुमाराला. सह्याद्रीतली पानगळ पाण्यापायी होते. पावसाळा सरला की पुढचा पाऊस थेट जूनमध्ये, आणि पानांवाटे तर पाणी सतत उडत असतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. पाण्याचा हिशेब ज्याचा त्याचा, त्यामुळे पानगळही ज्याची त्याची. पंचांगातला शिशिर माघ-फाल्गुनात संपतो, पण साग वैशाखातही उघडाच असतो. उलट पिंपळ! जुनी पानं गळतात न गळतात तोच तांबूस पालवी हजर. पूर्ण उघडा पिंपळ बघायला नशीब लागतं.

या दिवसांत झाडाची खरी ठेवण कळते. काटेसावरीच्या फांद्या खोडातून आडव्या, मजल्यामजल्याने निघतात, हे पानं असताना कुणाच्या लक्षात येतं? ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, तीही आत्ताच नीट दिसते. पण माझं मन जडलंय कांडोळावर. खडकाळ, कोरड्या उतारावर पांढुरक्या खोडाचं हे झाड चांदण्यात असं उजळतं की भुताच्या गोष्टी त्याला चिकटल्या नसत्या तरच नवल. त्याची साल कागदासारखी सुटते. पापुद्र्याखाली हिरवा थर असतो, म्हणजे पानं नसतानाही खोड थोडंफार अन्न बनवतं. फळं लाल, पाच पाकळ्यांची चांदणी असावी तशी. फक्त हात लावू नका, त्यांच्यावरची लव टोचते आणि मग बराच वेळ आग होते!

पळस, पांगारा फुलतात तेव्हा सगळे फोटो काढायला धावतात. धावा बापडे. पानांचा आडोसा नसल्यामुळे ती फुलं मैनांना, शिंजीरांनाही लांबूनच दिसतात. मला विचाराल तर पळस बघावा फुलायच्या आधी, वेड्यावाकड्या फांद्यांवर काळपट मखमली कळ्या असतात तेव्हा. ते फार दिवस टिकत नाही. कुसुंबाची लालभडक पालवीही तशीच, बघता बघता हिरवी होते. आणि गंमत म्हणजे ही पालवी ऐन उन्हाळ्यात, पावसाआधी फुटते, खोडामुळांत राखलेल्या ओलाव्यावर.

आत्ता मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: 'आमच्या सोसायटीतलं मोईचं झाड वाळलंय, पाडावं का?' ताई, मोई महिनोन् महिने बोडकीच असते. कोवळ्या फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. पाडणाऱ्याला आगाऊ पैसे दिले असतील तर ते आधी परत मागा.